सुताराच्या जागी तळं

"तू रीतसर अर्ज कर," असं कुलूपसाहेबांनी चहा पिता पिता बायकोला सांगितलं आणि वर एक बिस्कीट उचललं. पुढचा महिनाभर जे काही झालं त्याची सुरुवात ही अशी झाली.

बायकोने मागितलं होतं ते फार नव्हतं. बावीस वर्षं जेवणाच्या टेबलावर शिवणाचं मशीन मांडायचं आणि जेवायची वेळ झाली की उचलायचं, यात तिचा जीव मेटाकुटीला आला होता. शेवटी तिने मागच्या वस्तीत एक खोली भाड्याने घेतली, चार मशिनं आणली, भिंतींना स्वतःच्या हाताने फिकट पिवळा रंग दिला आणि महिन्याभरानंतरच्या एका रविवारी सकाळी दहाला शिवणवर्गाचं उद्घाटन ठरवलं. अडचण एवढीच होती की मागच्या वस्तीत ती खोली कुणाला सापडली असती तर शपथ. तिथल्या गल्ल्या भांडण झालेल्या जावांसारख्या एकमेकींकडे पाठ फिरवून गेलेल्या. पोस्टमनसुद्धा पहिल्या घरात सगळी पत्रं देऊन "पुढे पोचवा" म्हणायचा आणि सायकल वळवायचा.

"अहो, तुमच्या नव्या नकाशात आमची गल्ली अगदी बरोबर दाखवलीय म्हणता ना? मग पत्रकावर तेवढा तुकडा छापते. तळहाताएवढा."

"तो नकाशा सार्वजनिक नाही."

"गल्ली तर सार्वजनिक आहे!"

"गल्ली आहे. नकाशा नाही. पोर्टलवर अर्ज कर, पंधरा दिवसांत उत्तर येतं."

कुलूपसाहेब हे नाव त्यांना ऑफिसने दिलं होतं आणि ते अंगाला बेतून शिवल्यासारखं बसलं होतं. घराला कुलूप लावून ते तीनदा ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जात आणि चौथ्यांदा ओढायला परत येत. नकाशा कार्यालयात त्यांच्याकडे सुरक्षेचं काम होतं. शहराची नवी मोजणी झाली होती. तिला वरून अंतिम मंजुरी मिळेपर्यंत नकाशा फक्त सरकारी खात्यांनी पोर्टलवरून घ्यायचा, आपल्यापुरता वापरायचा, बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा हुकूम होता. पाणी, वीज, बस, अग्निशमन अशा एकोणचाळीस खात्यांच्या एकोणचाळीस प्रती, एक संचालकांची आणि एक कुलूपसाहेबांची. एकूण एकेचाळीस.

पासवर्डांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. "पासवर्ड माणूस मेव्हण्याला सांगतो," असं ते म्हणत. म्हणून त्यांनी एक नामी युक्ती काढली होती. प्रत्येक प्रतीत एक बारीकशी खोटी गोष्ट घालायची, आणि ती प्रत्येकीत वेगळी. कुठे नसलेला पूल, कुठे नसलेली विहीर. नकाशा बाहेर फुटला की त्यातली खोटी गोष्ट बघायची, लगेच कळतं कुणाची प्रत फुटली. कुणाच्या प्रतीत काय खोटं आहे ते फक्त एका नोंदवहीत लिहिलेलं, आणि खोट्या गोष्टी घालायचं काम व ती नोंदवही, दोन्ही अभिलेखवाल्या बाईंच्या ताब्यात. ती उघडून बघायची मुभा संचालकांना नव्हती, खुद्द कुलूपसाहेबांनाही नव्हती. तिच्याबद्दल कुणी कुणाशी बोलायचंही नाही. हे नियम त्यांनीच केले होते. ज्याची प्रत फुटेल त्याने सहा महिने तळघरात बसून जुन्या नकाशांवरची कसर झटकायची, ही शिक्षाही त्यांचीच. दोन वर्षांत एकही प्रत फुटली नव्हती, आणि याचा त्यांना एवढा अभिमान होता की लग्नाच्या वाढदिवसालाही त्यांनी बायकोला हेच सांगितलं होतं.

तर बायकोने अर्ज केला. चौदाव्या दिवशी उत्तर आलं: "नामंजूर. उद्देश अस्पष्ट."

"खाली सही कुणाची आहे बघा," तिने मोबाइल पुढे धरला.

"माझी."

"अर्ज कुणाचा होता?"

"ते आम्हाला दिसत नाही. पक्षपात नको म्हणून नाव झाकलेलं असतं. नियमच आहे तसा."

"शर्ट आणि पडदे शिवायला शिकवणार, असं लिहिलं होतं मी. यात अस्पष्ट काय आहे हो?"

"पडदे," कुलूपसाहेब म्हणाले, "म्हणजे काहीतरी झाकायचं असणार, असं वाटलं असेल मला."

बायकोने मोबाइल खाली ठेवला आणि शांतपणे मटार सोलायला घेतले. बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाने खरं तर इथेच सावध व्हायला हवं होतं.

उद्घाटनाच्या आधीच्या सोमवारी ते संध्याकाळी घरी आले तर टेबलावर हिरवी पत्रकं पडली होती. वर ठसठशीत अक्षरांत शिवणवर्ग, खाली दिवस आणि वेळ, आणि त्याखाली तळहाताएवढा सुबक नकाशा. खोलीच्या जागी छोटीशी कात्री काढलेली.

"हे कुठून आणलंस?" त्यांनी एक पत्रक उचललं.

"तुमच्या लॅपटॉपवरून. तुम्ही आंघोळीला गेला होतात, तो तसाच उघडा होता. मोबाइलने फोटो काढला. छापखान्यावाला म्हणाला, एवढा स्वच्छ नकाशा आयुष्यात पाहिला नाही."

"किती छापलीस?"

"दोनशे. ही थोडी राहिलीत. बाकी आजच दिली. औषधाचं दुकान, दाताचे डॉक्टर, सलून, वाचनालय, ओळखीची घरं. अहो, तुम्हाला घाम का आलाय?"

मंगळवारी सकाळी कुलूपसाहेब पत्रक हातात धरून मागच्या वस्तीत फिरले. मनात एकच आशा होती. खोटी गोष्ट शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल, या तळहाताएवढ्या तुकड्यात आली नसेल, तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं प्रत कुणाची. सलून जिथल्या तिथे होतं, वाचनालय होतं, मोरी होती. तिसऱ्या वळणावर नकाशात एक छोटंसं निळं तळं होतं. तिसऱ्या वळणावर प्रत्यक्षात एक सुतार रंधा मारत बसला होता.

"इथे कधी तळं होतं का हो?" त्यांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"तळं?" सुताराने रंधा थांबवला. "साहेब, इथे नळाला पाणी येत नाही, तुम्ही तळ्याचं काय घेऊन बसलात?"

म्हणजे झालंच. आपल्या प्रतीतली खूण आपल्याच बायकोच्या पत्रकावर. कुलूपसाहेबांच्या डोळ्यांपुढे तळघर उभं राहिलं. कसर झटकण्याचं त्यांना तेवढं नव्हतं. पण "स्वतःच्याच सापळ्यात सापडला" असं म्हणून ज्या एकोणचाळीस खात्यांवर दोन वर्षं डोळे वटारले ती सगळी हसणार, हे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं. उरला एकच उपाय. बोभाटा होण्याआधी एकूण एक पत्रक परत गोळा करायचं. बायकोला सांगायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

घरातली उरलेली त्यांनी "मी वाटतो" म्हणून उचलली. ओळखीच्या घरी "छपाईत चूक आहे" म्हणून मागून घेतली. औषधाच्या दुकानात खोकल्याचं औषध घेतलं आणि दुकानदार सुटे काढेपर्यंत काउंटरवरचा गठ्ठा पिशवीत सारला. सलूनमध्ये नुसतं आत शिरून कागद उचलता येईना म्हणून खुर्चीत बसले, केस कापून घेतले. दाताच्या डॉक्टरांकडे गठ्ठा अगदी आतल्या टेबलावर होता, त्यामुळे नंबर लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. म्हणजे, जरासं दुखतं."

"कुठे?"

त्यांनी तोंडात कुठेतरी बोट लावलं. डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं वेळेवर आलात. ही दाढ आजच काढू." कुलूपसाहेब बाहेर पडले तेव्हा गालात कापूस होता आणि शर्टाच्या आत साठ पत्रकं.

वाचनालयात मात्र ते हरले. तिथे एकच पत्रक होतं, पण काचेच्या फलकात, आणि फलकाला कुलूप. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "सूचना काढायची असेल तर लेखी अर्ज द्या. कारण लिहा. समितीपुढे ठेवते." कुलूपसाहेबांनी कारण काय लिहायचं याचा विचार केला आणि ते मुकाट्याने परत फिरले.

गोळा केलेली पत्रकं त्यांनी स्कूटरच्या डिकीत कोंबली, डिकीला कुलूप लावलं आणि तीनदा ओढून पाहिलं.

गुरुवारी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. इतका आनंदलेला चेहरा त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

"अहो, कमालच झाली! आज सगळीकडे चक्कर मारली. एक पत्रक उरलं नाही हो कुठे! औषधवाला म्हणतो, बघता बघता गठ्ठा गेला. डॉक्टरांकडे तेच, सलूनमध्ये तेच. लोक अक्षरशः झडप घालतायत!"

"अं," कुलूपसाहेब म्हणाले. गाल सुजल्यामुळे त्यांना एवढंच म्हणता येत होतं.

"मला वाटलं होतं सात-आठ जणी आल्या तरी खूप. आता आणखी दोनशे छापलीत, वाटूनही आले. तीस खुर्च्या सांगितल्यात. आणि हो, पहिल्यातली दोन तुमच्या ऑफिसात नेऊन दिली, तुम्ही बाहेर गेला होतात. एक संचालकांना, एक त्या अभिलेखवाल्या बाईंना. बाई तर येतेच म्हणाल्या. तुमचे साहेब पत्रकाकडे एकटक बघत राहिले. म्हणाले, मीही येतो."

कुलूपसाहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"आणि माझ्यासाठी केस कापून आलात," ती हळूच म्हणाली. "कळतं हो मला."

शुक्रवारी ऑफिसात संचालक त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. जिन्यात समोरासमोर आले तेव्हा नजर चुकवून वर निघून गेले. कुलूपसाहेबांनी ओळखलं की आपल्या नावाची फाइल तयार होतेय. तरीही शुक्रवार-शनिवार त्यांनी दुसरी फेरी मारली, कारण बुडत्याला काडीचा आधार. औषधवाल्याने खोकल्याची दुसरी बाटली देताना "छातीचा फोटो काढून घ्या" असा सल्ला दिला. सलूनवाला म्हणाला, "परवाच तर कापले, आता कापू काय?" म्हणून त्यांनी मिशी उतरवून घेतली. दाताचे डॉक्टर त्यांना बघून "दुसरी बाजू का?" म्हणत हातमोजे घालू लागले, पण कुलूपसाहेब गठ्ठा घेऊन पळाले. शनिवारी संध्याकाळी चारशे पत्रकांपैकी तीनशे सत्त्याण्णव त्यांच्या डिकीत होती. त्यांनी तशी वहीत नोंदही केली.

रविवार उजाडला. पिवळ्या खोलीत तीस खुर्च्या मांडल्या होत्या, चार मशिनं पुसून लखलखीत केली होती, मोठ्या किटलीत चहा तयार होता. दहा वाजले. सव्वादहा झाले. बायको दारात जाऊन गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून आली. मग तिने मागच्या दहा खुर्च्या उचलून भिंतीशी रचल्या. थोड्या वेळाने आणखी दहा रचल्या.

"रविवार आहे ना, लोक उशिरा उठतात," ती म्हणाली, आणि उरलेल्या दहा खुर्च्या जरा लांब लांब मांडू लागली, म्हणजे खोली भरलेली दिसेल.

कुलूपसाहेबांची तळघराची भीती होती ती तिथेच राहिली आणि तिच्याहून वाईट काहीतरी आत शिरलं. बावीस वर्षं हिने टेबलावरून मशीन उचललं तेव्हा आपण कधी एक टोकही धरलं नाही, आणि आज हिच्या खुर्च्या आपण रिकाम्या केल्या. त्यांना स्वतःची मनापासून शरम वाटली.

तेवढ्यात गल्लीत संचालक दिसले. हातात हिरवं पत्रक, कपाळावर घाम. त्यांनी कुलूपसाहेबांना खुणेनेच बाहेर बोलावलं आणि भिंतीआड नेलं.

"हा नकाशा तुमच्याकडे कुठून आला?"

"साहेब, सगळी चूक माझी आहे," कुलूपसाहेबांनी मान खाली घातली.

"हळू बोला! चूक माझी आहे."

"तुमची?"

"हे तळं माझ्या प्रतीतलं आहे. बघायचं नाही म्हटलं की माणसाला राहवतं का? दोन रविवार प्रत घेऊन हिंडलो तेव्हा सापडलं. आणि मग," संचालकांनी इकडेतिकडे पाहिलं, "मेव्हण्याला सकाळी फिरायला रस्ते हवे होते म्हणून त्याला पाठवला. त्याने आणखी कुणाला दिला असणार, तिथून तुमच्या मिसेसकडे आला. तीन रात्री डोळा नाही लागला हो. तुम्ही मला तळघरात पाठवणार."

"पण साहेब, हा माझ्या लॅपटॉपवरचा आहे. तळं माझ्या प्रतीतलं आहे."

"तुमच्या कसं असेल? माझ्या प्रतीत आहे ना!"

"माझ्याही आहे."

तेवढ्यात सुताराच्या बाजूने अभिलेखवाल्या बाई येताना दिसल्या. खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी मोजायची फीत. दोघांनी त्यांना वाटेतच गाठलं.

"बाई, तळं कुणाच्या प्रतीत घातलंत?" संचालकांनी विचारलं.

"सगळ्यांच्या," बाई म्हणाल्या.

"एकेचाळीस प्रतींत एकच तळं?"

"आधी वेगवेगळं घातलं होतं. बसवाल्यांच्या प्रतीत एक खोटी गल्ली घातली, तर त्यांनी तिकडून बस वळवायचं ठरवलं. बस भिंतीसमोर उभी! अग्निशमनवाल्यांच्या प्रतीत खोटा नळ घातला, आणि मला झोपच येईना. म्हटलं, उद्या कुठे आग लागली आणि हे लोक त्या नळाला पाइप लावायला धावले तर? मग सगळं काढून टाकलं आणि एक तळं घातलं. तळ्यातून निदान कुणी बस तरी नेणार नाही."

"आणि नोंदवहीत काय लिहिलंय?" कुलूपसाहेबांनी विचारलं.

"पहिल्या नावापुढे तळं. खाली चाळीस वेळा 'वरीलप्रमाणे'."

"पण अग्निशमनवाले तळ्यावर पाणी भरायला गेले तर?" संचालक म्हणाले.

"त्यांना फोन करून सांगितलंय ना, तळं खोटं आहे म्हणून. बसवाल्यांनाही सांगितलं. सगळ्याच खात्यांना सांगितलं. फक्त तुम्हा दोघांना नाही सांगितलं."

"का?"

"तुमचाच नियम आहे ना, नोंदवहीबद्दल बोलायचं नाही. तुमच्यासमोर कसा मोडणार?" एवढं बोलून बाई वर्गात गेल्या आणि दहा खुर्च्यांपैकी पहिलीत जाऊन बसल्या.

दोन वर्षं एकही प्रत का फुटली नव्हती, ते कुलूपसाहेबांना आत्ता कळलं. फुटली असती तरी कळायची सोयच नव्हती. एरवी त्यांना भोवळ आली असती. पण उघड्या दारातून त्यांना दिसलं, बायको किटलीतून बाईंना चहा ओततेय आणि हसतेय, आणि तिचं हसू नेहमीसारखं नाही. त्यांनी मागचा-पुढचा काही विचार केला नाही. थेट स्कूटरकडे गेले, डिकी उघडली आणि एक गठ्ठा संचालकांच्या हातात ठेवला.

"तुम्ही सलूनचा कोपरा धरा. मी वाचनालयाचा."

पुढचा अर्धा तास मागच्या वस्तीने एक विलक्षण दृश्य पाहिलं. ज्याने मंत्र्यांच्या सचिवालाही नकाशाचा तुकडा दिला नव्हता, तो माणूस बिनमिशीचा, एक गाल सुजलेला, येईल त्याच्या हातात नकाशा कोंबत होता. "घ्या, घ्या. शेजारणीलाही द्या. दोन घ्या."

"यात तळं दाखवलंय, तिथून वळायचं का?" एका बाईने विचारलं.

"तळं नाहीये तिथे," कुलूपसाहेब भर चौकात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "तिथे सुतार आहे. सुताराच्या उजवीकडून या."

बाया येऊ लागल्या. भिंतीशी रचलेल्या खुर्च्या उतरल्या. साडेअकराला तीसच्या तीस भरल्या आणि दोघीजणी खिडकीत बसल्या, तेव्हा बायको त्यांना शोधत चौकात आली. गळ्यात फीत, डोळ्यांत पाणी.

"म्हणजे पहिली पत्रकंही तुम्हीच वाटत होतात आठवडाभर! डॉक्टरांच्या मिसेस आत्ता सांगत होत्या, साहेब गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन जायचे म्हणून."

मान डोलावली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. कुलूपसाहेबांनी मान डोलावायला सुरुवातही केली होती. पण ते त्यांना जमलं नाही.

"वाटली नाहीत गं," ते म्हणाले. "गोळा केली. माझी चोरी उघडी पडेल म्हणून. सगळीकडून उचलली आणि डिकीत कुलूप लावून ठेवली. म्हणून सकाळी कुणी आलं नाही."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. सुजलेल्या गालाकडे, उतरवलेल्या मिशीकडे, हातातल्या हिरव्या कागदांकडे.

"किती होती?"

"तीनशे सत्त्याण्णव."

"मोजलीत?"

"नोंद आहे."

"बरं," तिने गळ्यातली फीत नीट केली आणि वर्गाकडे वळली. "मग तीनशे सत्त्याण्णव वाटून झाली की घरी या. एक जरी उरलं तरी दार उघडणार नाही."